चिरे थेट चिरेखाणीवरून घेतले, कसा अनुभव आला ते

राजापूर तालुक्यात गावच्या घराला मागच्या बाजूने दोन खोल्या वाढवायच्या होत्या, म्हणून यंदा चिरे (जांभा या लाल दगडाचे बांधकामासाठी कापलेले ठोकळे) मधल्या ट्रकवाल्याकडून न घेता थेट खाणीवरून उचलले. बरेच जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहितो. खाणीचं नाव देत नाही, कारण खाली तक्रार पण आहे, आणि खरं सांगायचं तर या पट्ट्यातल्या बहुतेक खाणींवर हाच प्रकार चालतो.

आधी माल. माल चांगला, पण स्वतः खाणीत उतरून बघितला तरच. उतरलात की कापलेल्या भिंतीत थर सरळ दिसतात, वर सड्याचा (म्हणजे उघड्या कातळाच्या पठाराचा) काळा पडलेला टणक कातळ, खाली लालभडक भोकाभोकांचा जांभा, आणि जसजसं खाली जावं तसा तो नरम नि पिवळट होत जातो, शेवटी नुसती पांढरट माती. आपल्याला पाहिजे तो मधला. वरच्या कातळात ब्लेडं झिजतात म्हणून खाणवाला तो स्वतःच बाजूला टाकतो, पण तळचा मातकट चिरा मात्र गुपचूप गाडीत मिसळतो, आणि आमच्या दुसऱ्या गाडीत तेच झालं. चिऱ्यावर पिवळ्या-पांढऱ्या गाठी दिसल्या की त्यात गाडीची चावी खुपसून बघा, माती भुरभुर पडली तर तो चिरा घेऊ नका. आणि दोन चिरे एकमेकांवर आपटून बघायचे, टणटणीत वाजले तर ठीक, बद्द वाजले तर परत. फोन केल्यावर मालकाने खराब चिरे बदलून दिले, पण न्यायचं-आणायचं भाडं आमच्या माथी मारलं, इथे एक स्टार कापला.

कटिंग मात्र एक नंबर. काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग लावतात, जांभ्याला ते लागतच नाही, तो चिरायचा, म्हणूनच चिरा. रुळांवर सरकणारं गोल पात्याचं मशीन आधी उभ्या-आडव्या रेघा मारत जातं, मग दुसरं पातं खालून कापतं आणि माणसं पहारीने चिरा उचकटून काढतात. पूर्वी हे सगळं हाताने व्हायचं, चिरा तासून घ्यायलाच गवंड्याचा निम्मा दिवस जायचा. मशीनचा चिरा चारी बाजूंनी सरळ येतो, सांधे बारीक बसतात नि सिमेंट वाचतं. फक्त ती लाल धूळ! विजापूरकडचे मजूर तोंडाला नुसतं फडकं बांधून दिवसभर त्यात उभे असतात, दर विचारताना घासाघीस करायची आपल्यालाच लाज वाटते.

ताजा चिरा ओलसर असतो नि सहज तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस 1800-01 मध्ये मलबारात फिरत होता, त्याने केरळात अंगाडीपुरमला हेच बघितलं, लोखंडी हत्याराने सहज कापला जाणारा दगड थोड्या दिवसात विटेसारखा कडक होतो, तिथले लोक पण त्याला विटेचा दगड म्हणायचे, मग त्याने लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटराइट नाव ठेवलं, ते 1807 साली छापून आलं. आपल्या गवंड्याला हे न वाचताच माहीत असतं! तो म्हणतो ताजाच द्या, तासायला बरा, मी म्हणतो आधी थोडे दिवस उन्हात ठेवू. तुम्ही ठेवाच.

प्लास्टरवरून घरोघरी भांडणं होतात, तर माझं मत असं की पावसाच्या बाजूची भिंत उघडी ठेवू नका. जुन्या गोव्यातलं बॉम जेझस चर्च बघा, बाहेरचं प्लास्टर गेल्या शतकात काढलं नि आता जांभा पावसाने झिजतोय म्हणून तिथे वाद चालू आहे. आतून मात्र उघडा चिरा झकास दिसतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर गाडीबरोबर रॉयल्टीचा (सरकारला भरायच्या खनिज शुल्काचा) वाहतूक पास आलाच पाहिजे, ‘साहेब, कोण बघतंय’ म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, रस्त्यात महसूलवाल्यांनी गाडी धरली तर तुमचं काम अडकतं. आणि सडा नवीन फोडत असतील तर कातळशिल्पं (कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं) आहेत का तेवढं गावात विचारा, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही सगळी आपल्याच तालुक्यातली, 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, नि ती ज्या सड्यांवर कोरलीत तसलेच सडे चिऱ्यासाठी कापले जातायत. आमची खाण जुनी होती म्हणून मी निर्धास्त होतो.

दर इथे लिहीत नाही, सीझनप्रमाणे बदलतो. एवढंच की खाणीवरचा दर, भरणावळ, भाडं नि उतरवणावळ चारही वेगवेगळे विचारा, फोनवर फक्त पहिला सांगतात. उतरवताना स्वतः उभं राहून मोजा, फुटलेले वेगळे काढा, आमच्याकडे ड्रायव्हर तुकडे पण अख्ख्या चिऱ्यात मोजत होता.

एकूण साडेतीन स्टार. परत घेईन, पण मेच्या मध्यापर्यंत शेवटची गाडी दारात पडेल असं बघूनच, कारण एकदा पाऊस लागला की खाणीचं तळं होतं नि दसऱ्यापर्यंत मग स्टॉकवाला मागेल तो दर द्यावा लागतो.