घर सिन्नरला घ्यावं की इगतपुरीला?

भाच्याची नोकरी नाशिकरोडला, भाचेसुनेची बदली कल्याणला. नाशिकमधले भाव ऐकून दोघं बाहेर बघायला लागली, आणि मामा म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. अशी कुटुंबं आता बरीच आहेत, म्हणून इथेच लिहितो.

अंतर सीबीएसपासून, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून, मोजू नका. तिथून सिन्नर साधारण ३० किलोमीटर आणि इगतपुरी ४५, पण सीबीएसवर राहायचंय कुणाला? नाशिकरोडवरून शिंद्याचा टोलनाका, मोहदरीचा छोटा घाट, माळेगाव एमआयडीसी की आलंच सिन्नर. दुचाकीवर रोज जमण्यासारखं आहे. शिवाय उद्या नाशिकची नोकरी सुटली, तर माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहती दाराशी आहेत. नाशिकहून कामगारांच्या गाड्या रोज उलट्या दिशेनं तिकडे येतातच. समृद्धी महामार्गाचं गोंदे इंटरचेंजही तालुक्यात आहे, पण समृद्धीवर दुचाकीला बंदी, तेव्हा तो हिशोब चारचाकीवाल्यांनीच करावा. (गोंदे दोन आहेत! हे सिन्नरचं, कारखान्यांचं गोंदे दुमाला इगतपुरी तालुक्यात. एजंट फोनवर नुसतं 'गोंदे' म्हणाला, तर आधी तालुका विचारा.)

सिन्नरची सगळ्यात मोठी खोट: रेल्वे नाही. भाचेसुनेला आधी नाशिकरोड गाठावं लागेल, मग गाडी.

इगतपुरीचं बरोबर उलटं. कल्याण तिथून रेल्वेनं ८३ किलोमीटर, नाशिकरोडपेक्षा ५० किलोमीटर कमी. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्सप्रेस इथे थांबते. पास काढून रोज मुंबई करणाऱ्यांचं अख्खं घड्याळ या गाडीवर चालतं, आणि ती लेट झाली की घरातला स्वयंपाकही लेट होतो. लोकल मात्र कसाऱ्यालाच संपते. पुढे दर ३७ मीटरला एक मीटर चढणारा थळघाट. संध्याकाळची गाडी चुकली की कसाऱ्यापर्यंत लोकल आणि तिथून मिळेल त्या काळीपिवळीनं घाट चढायचा. पावसाळ्यात रात्री ते सुखाचं नाही.

पाऊस हा इगतपुरीतला खरा घरमालक. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. भिंतींना ओल, कपाटात बुरशी, आठवडा झाला तरी कपडे दमट. पावसाळी सहलीला येऊन घर पसंत करणारे हे विसरतात. घर जुलैत बघायला जा, पण खिडकीतलं धुकं बघू नका, छताचा कोपरा बघा. दारणा, मुकणे, भावली ही धरणं याच तालुक्यातली, तरी उन्हाळ्यात वाड्यापाड्यांवर टँकर. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण तिथं रोजच्या बोलण्यात आहे. गावाबाहेरच्या प्लॉटचं पाणी कुठून येतं ते विक्रेत्याला नाही, शेजाऱ्याला विचारा. मुंबईकरांच्या सेकंड होममुळे भावही गावाच्या मानानं चढेच.

सिन्नर पर्जन्यछायेत. पूर्व भाग तर पक्का दुष्काळी, तेव्हा पाण्याचा प्रश्न इथेही विचारायचाच. पण भिंती कोरड्या राहतात, बाजार गावातच आहे, आणि संध्याकाळी पोरांना गोंदेश्वराच्या आवारात नेता येतं. सगळा तालुका ज्याचा अभिमान धरतो, ते देऊळ खरोखरच तसं आहे.

भाच्याला मी इगतपुरी सांगितलं, तेही सध्या भाड्यानं. त्याला नाशिकरोडला येताना गाडी चुकली तर महामार्गावर एसटी आहे. तिला घाटात काळीपिवळीशिवाय रस्ता नाही. बदली परत नाशिकला झाली, तर सिन्नरला घर विकत घ्या म्हटलं. भाचेसून हसली आणि म्हणाली, "मामा, आधी छत्र्या घेऊ."