गोव्याहून बोट परत मुंबईला : किनाऱ्याने की खोलातून?

मुंबई-गोवा शिडाच्या बोटींची रेस संपली, पार्टी झाली, आता खरं काम. येताना वारा पाठीशी होता म्हणून मजा आली, जाताना जानेवारी-फेब्रुवारीत दुपारचा वायव्येचा वारा थेट तोंडावर, आणि अंतर दोनशेवर सागरी मैल.

खोलातून एका दमात जायचं तर मासेमारीची जाळी कमी, खडकांची भीती नाही, पण मोठ्या जहाजांवर रात्रभर नजर ठेवायला लागते, सारखं टॅकिंग करून (म्हणजे समोरच्या वाऱ्यात नागमोडी जाऊन) अंतर केवढं वाढतं, आणि रेसनंतर अर्धा क्रू ऑफिसला पळालेला असतो. उरलेल्या तिघांनी पाळ्या कशा करायच्या?

मी तर किनाऱ्यानेच म्हणेन. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, तो आडवा मिळतो, त्यावर मस्त पळायचं आणि दुपारी वारा चढायच्या आत देवगड, विजयदुर्ग, जयगड असं कुठेतरी नांगर टाकायचा (जेवण पण चांगलं मिळतं, हेही कारण आहेच). मालवणला मात्र सिंधुदुर्गाभोवती खडक आहेत, अंधारात आत शिरायचंच नाही. जाळ्यांचे बोये (खुणेचे तरंगते तुकडे) म्हणजे कधी नुसता थर्मोकोलचा तुकडा, प्रोपेलरमध्ये दोर अडकला की सुरी घेऊन पाण्यात उतरा. दिवस जास्त जातात, ते जाऊ देत.

रेसची महागडी शिडं आधी उतरवून ठेवा, जुनी डेक्रॉनची (पॉलिस्टर कापडाची) चढवा, डिझेल फुल.