बाळाच्या अंगाला खोबरेल की ऑलिव्ह?

बाळंतिणीच्या खोलीत हल्ली दोन बाटल्या दिसतात: आजीचं खोबरेल आणि भेट आलेलं ऑलिव्ह. महाग ते चांगलं, हे इथे लागू नाही. ऑलिव्हमध्ये सुमारे ७० टक्के ओलेइक आम्ल (तेलातलं एक स्निग्धाम्ल). ते त्वचेच्या वरच्या थराची बांधणी सैल करतं, ओलावा उडून जातो. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक हे दुसरं स्निग्धाम्ल, ओलेइक थोडंच. माझं मत खोबरेलाला. सुगंध न मिसळलेलं, हलक्या हाताने. (वर डाळीच्या पिठाने खसाखसा घासू नये, आजी रागावल्या तरी!)

एक्झिमा (त्वचेवरचे कोरडे, खाजरे चट्टे) टळेल ही आशा मात्र दोन्हींकडून नको. ब्रिटनमधल्या १३९४ बाळांच्या चाचणीत (२०२०) पहिलं वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही दोन वर्षांच्या वयात एक्झिमा २३ टक्क्यांना होता, न लावणाऱ्यांत २५. चट्टे ओलावले तर तेल बाजूला, डॉक्टर गाठा.