सेल्सवाल्यांनी कुठल्या गायकाचा कित्ता गिरवावा? फुकट देणारे, भाव गिऱ्हाईकावर सोडणारे आणि महाग विकणारे

इंदुरात सेल्समध्ये असलेली आपली मराठी पोरं भेटली की एक प्रश्न हमखास येतो, गिऱ्हाईक धरायचं तर आधी काहीतरी फुकट द्यावं की भाव चढाच ठेवावा, म्हणजे डेमो, सॅम्पल, ट्रायल सगळं मोकळं सोडायचं की माल थोडा आहे, घ्यायचा तर आत्ता घ्या असं म्हणायचं. मला वाटतं याचं उत्तर गाणंबजावणंवाल्यांकडे जास्त चांगलं सापडतं, कारण त्यांचा माल एकदा रेकॉर्ड झाला की कोणीही त्याची कॉपी करू शकतो आणि तरी त्यातले काहीजण भरपूर कमावतात. फक्त सगळ्यांची रीत एक नाही आणि एकाची रीत दुसऱ्याच्या धंद्याला लावली तर पैसे बुडतात, म्हणून इथे शेजारी शेजारी ठेवून बघू. मी नमकीनवाल्यांना पाऊच पॅकिंग मशीन विकतो, त्यामुळे उदाहरणं सांवेर रोडची, म्हणजे इंदूरच्या कारखान्यांच्या भागातली येतील, तुम्ही तुमच्या मालावर बसवून बघा.

पहिली रीत ग्रेटफुल डेडची. अमेरिकेतला बँड, १९६५ मध्ये निघाला, १९९५ मध्ये त्यांचा मुख्य गिटारवाला जेरी गार्सिया गेल्यावर थांबला, मधल्या काळात दोन हजारांहून जास्त कार्यक्रम केले. टॉप टेनमध्ये गेलेलं त्यांचं गाणं एकच, तेही १९८७ मध्ये, म्हणजे बँड निघाल्यावर २२ वर्षांनी, आणि तरी त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी व्हायची. लोक टेपरेकॉर्डर आणि माईक घेऊन कार्यक्रमाला यायचे आणि रेकॉर्ड करून न्यायचे, दुसऱ्या कुठल्या कंपनीने त्यांना बाहेर काढलं असतं, यांनी १९८४ मध्ये साउंड बोर्डच्या, म्हणजे आवाज सांभाळायच्या टेबलाच्या मागे टेप करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच करून दिली. अट एवढीच की टेप आपसात द्या-घ्या, विकायची नाही. आता यात नुकसान का झालं नाही ते बघा, रोजचा कार्यक्रम वेगळा असायचा, त्यामुळे कालची टेप ऐकली म्हणून आज जायची गरज संपली असं व्हायचं नाही, उलट टेप ऐकलेला माणूस तिकीट काढायचा. फुकट गेली टेप, विकला गेला कार्यक्रम.

पण या बँडबद्दल बोलताना लोक टेपचं सांगतात आणि पत्त्याचं विसरतात. १९७१ च्या त्यांच्या अल्बमच्या कव्हरच्या आत चक्क लिहिलेलं होतं की तुमचं नाव-पत्ता आम्हाला पाठवा, आम्ही कळवत राहू. आणि १९८३ पासून ते तिकिटंही स्वतःच पोस्टाने विकायला लागले, म्हणजे श्रोत्याने ठरावीक मापाच्या कार्डावर कुठल्या तारखेची किती तिकिटं हवीत ते लिहायचं, सोबत मनीऑर्डर लावायची आणि पाकिटात घालून धाडायचं, आणि लोक ती पाकिटं चित्रं काढून इतकी सजवायचे की बघत राहावं. त्या तिकिटांपुरता मधला एजंट गेला आणि कोण कुठे राहतो, कुठल्या कार्यक्रमाला येतो हे सगळं बँडच्या घरात आलं. मोकळ्या हाताने वाटण्याचा फायदा झाला तो या यादीमुळे.

आमच्या धंद्यात याचं रूप असं. नमकीनवाला मशीन बघायला येतो तेव्हा बरेच मशीनवाले व्हिडिओ काढू देत नाहीत, त्यांना भीती की दुसरा कॉपी करेल. मी काढू देतो, नुसता देतो नाही, मीच सांगतो काढा म्हणून. त्याला म्हणतो तुमची स्वतःची शेव घेऊन या, आमची नको, कारण प्रत्येकाच्या शेवेचं तेल वेगळं, जाडी वेगळी, आणि खरी भानगड तिथेच असते, शेवेचा चुरा सीलिंग जॉमध्ये, म्हणजे पाऊच दाबून चिकटवणाऱ्या जबड्यात अडकतो आणि पाऊच वरून अगदी छान दिसलं तरी हवा जाते. मग भरलेलं पाऊच पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने दाबायचं, बुडबुडे आले तर सील गेलं, नाही आले तर पक्कं. हे सगळं त्याच्याच मोबाईलमध्ये त्याच्याच मालावर रेकॉर्ड होतं, घरी जाऊन तो भावाला दाखवतो, पार्टनरला दाखवतो, सियागंजातल्या त्याच्या होलसेलरलाही दाखवतो. तो व्हिडिओ बघून कोणी मशीन बनवू शकत नाही, पण फोन करून विचारू मात्र शकतो. आणि जो फोन करतो त्याचं नाव, गाव, कुठला माल, दिवसाला किती किलो, हे डायरीत लिहिल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. ज्याला ही रीत करायची आहे त्याने डायरीचा कंटाळा करून चालणार नाही, नाहीतर ते नुसतं वाटणं झालं.

दुसरी रीत रेडिओहेड या इंग्लंडच्या बँडची आणि सगळ्यात जास्त चुकीची समजली जाते ती हीच. १ ऑक्टोबर २००७ ला त्यांनी जाहीर केलं की नवा अल्बम दहा दिवसांनी वेबसाइटवर येतोय आणि किंमत तुम्हीच ठरवा, शून्य लिहिलं तरी चालेल. जगभर बोलबाला झाला. पण शेजारी हेही ठेवा की तो त्यांचा सातवा अल्बम होता, आधीचे सहा मोठ्या कंपनीने वर्षानुवर्षं जाहिरात करून विकले होते, त्याच वेबसाइटवर ४० पौंडांचा खोकाही होता ज्यात रेकॉर्ड, सीडी असं सगळं होतं, आणि नुसतं डाउनलोड पाहिजे तरी आपली माहिती भरावी लागायची. डिसेंबरमध्ये ते डाउनलोड बंद झालं, वर्ष बदलताना सीडी दुकानात आली आणि तरी इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडे पहिल्या नंबरला गेली. २०११ च्या पुढच्या अल्बमला मात्र ठरलेली किंमत लावली. म्हणजे ज्यांनी हे केलं त्यांनीही ती कायमची पद्धत केली नाही.

मशीन, पाइप, कपडा, सोलर पॅनल असलं काही विकत असाल तर ही रीत सरळ सोडून द्या. प्रत्येक नगामागे लोखंड, मजुरी, भाडं लागतं, आणि आपल्याकडे तुम्हीच सांगा काय द्यायचं असं म्हटलं की घासाघीस सुरू, ती तुमच्या खरेदीभावाच्या खाली जाऊनच थांबते. ज्याची पुढची कॉपी बनवायला खर्चच नाही त्यांनाच हे परवडतं, कोणी एक्सेल शिकवतो, कोणी कोर्सचे व्हिडिओ विकतो, आणि तेही आधीपासून ओळखणारी माणसं असतील तरच.

तिसरी रीत मला मनापासून आवडते, किमतीच्या पायऱ्यांची. नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडच्या ट्रेंट रेझ्नरने मार्च २००८ मध्ये ३६ वाद्यरचना काढल्या, पहिल्या ९ फुकट, सगळ्या डाउनलोड करायच्या तर ५ डॉलर, दोन सीडी १० डॉलरला, सजवलेला सेट ७५ ला आणि सगळ्यात वर ३०० डॉलरचा सही केलेला मोठा सेट, त्याचे फक्त २,५०० नग. ते काही दिवसांतच संपले, म्हणजे नुसत्या वरच्या पायरीवर साडेसात लाख डॉलर. पैसे देणाऱ्या सगळ्यांना रचना त्याच मिळाल्या, फरक होता वस्तूचा आणि थोड्यांनाच मिळण्याचा. लॉस एंजेलिसचा रॅपर निप्सी हसल तर आणखी पुढे गेला, ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याने गाणी इंटरनेटवर फुकट सोडली आणि त्याचीच सीडी १०० डॉलरला ठेवली, हजारच नग, एका दिवसात संपल्या, त्यातल्या शंभर जे-झी या बड्या रॅपरने घेतल्या. फुकट मिळत असताना कोणी १०० डॉलर का देईल? कारण देणाऱ्याला गाणं विकत घ्यायचं नव्हतं, त्याला त्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं होतं.

सेल्सवाल्याला यातून उचलायचं ते हे की कोटेशनमध्ये एकच आकडा लिहू नका. आमच्याकडे साधं कप फिलरवालं, म्हणजे मापाच्या कपाने भरणारं मशीन, त्याच्यावर वजन करून भरणारं मल्टीहेड, आणि त्याच्याही वर दोन वर्षं सर्व्हिस आणि ऑपरेटरचं ट्रेनिंग, असे तीन भाव एकाच कागदावर दिले की गिऱ्हाईक घेऊ की नको असं विचारत नाही, कुठलं घेऊ असं विचारतं, आणि डिस्काउंटवरून होणारी ओढाताण पुष्कळ कमी होते. पण वरची पायरी खरी पाहिजे, नुसतं प्रीमियम नाव देऊन तोच माल दिलात तर इंदूरचा व्यापारी एका चकरेत ओळखतो आणि सगळ्या बाजारात सांगतो. आणि नग मर्यादित म्हटले की मर्यादितच ठेवा, शेवटचे दोन शिल्लक असं म्हणून वर्षभर विकत राहणाऱ्यावर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही.

आगाऊ पैसे घ्यायची रीत थोडक्यात सांगतो. अमेरिकन गायिका अमांडा पामरने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, अल्बमसाठी एक लाख डॉलर मागितले, जवळपास २५ हजार लोकांनी मिळून जवळजवळ १२ लाख दिले. नंतर दौऱ्यात तिने स्थानिक वादकांना बिनपैशाचं वाजवायला बोलावलं तेव्हा लोक संतापले आणि तिला पैसे द्यायचं कबूल करावं लागलं. ज्यांच्याकडून आगाऊ घेतलंय ते आपला सगळा हिशोब बघत असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता आपल्याकडचंच बघा, कारण एक मोठा निर्णय या परदेशी मंडळींकडून कळत नाही, तो म्हणजे एकच मोठं गिऱ्हाईक धरायचं की शंभर छोटी. वडोदऱ्याला उस्ताद फैयाज खां गायकवाडांच्या दरबारात होते, मान होता, पगार होता, आजच्या भाषेत एकच मोठं अकाउंट. दुसरीकडे विष्णू दिगंबर पलुस्कर, मिरजेहून निघाले, वडोदरा, ग्वाल्हेर करत फिरले, लोकांसमोर तिकीट लावून गायले, ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही कुठल्या राजाच्या तिजोरीवर नाही, लोकांच्या पैशावर. स्वरलिपीची पुस्तकं छापली आणि गाणारेच नाही तर ऐकणारेही तयार केले. दरबाराची वाट आरामाची होती यात शंकाच नाही, पण १९४९ मध्ये बडोदा संस्थान विलीन झालं, त्यात कुठल्या गायकाची काय चूक होती? पलुस्करांच्या वाटेत कर्जाचा त्रास होता, मुंबईची इमारत त्यातच गेली, पण शिष्य आणि श्रोते गावोगावी पसरलेले होते, त्यामुळे काम थांबलं नाही. सांवेर रोडवर असे सप्लायर आहेत ज्यांचं नव्वद टक्के काम एका कंपनीचं आहे, तिथला परचेस मॅनेजर बदलला की यांची झोप उडते. माझं मत स्पष्ट आहे, मोठं अकाउंट घ्या, पण छोट्यांचा रतीब त्याच्यासाठी बंद करू नका.

आणि यादीचं महत्त्व बघायचं तर इंदुरात मराठी नाटकं आणणारी सानंद ही संस्था आहेच. वर्षाचं सभासदत्व, सभासदांचे वेगवेगळे गट, मुंबई-पुण्याचं नाटक आलं की तेच नाटक गटागटाने दाखवायचं. महाराष्ट्राबाहेर मराठी नाटक टिकवायला रोज तिकीट खिडकी उघडून वाट बघत बसले असते तर जमलं असतं का? बघणारा कोण हे आधीच माहीत आहे म्हणून नाटकवाल्यांनाही यायला परवडतं.

मग तुम्ही काय करावं? पगारावर असाल, टार्गेट महिन्याचं असेल, तर ग्रेटफुल डेडची रीत हळू पडेल, तिला फळ यायला वेळ लागतो, तुम्ही पायऱ्यांचं कोटेशन आजपासून सुरू करा, त्याला कोणाची परवानगीही लागत नाही. स्वतःचा धंदा असेल आणि माल बघितल्याशिवाय कोणी घेत नसेल तर डेमो मोकळा करा, व्हिडिओ काढू द्या, डायरी ठेवा. विमा, म्युच्युअल फंड असलं विकत असाल तर भाव तुमच्या हातात नाही, तिथे यादी आणि वर्षभराचा संपर्क एवढंच तुमचं, म्हणून सानंदकडे बघा. दोन रीती एकत्र करायच्या असतील तर डेमो फुकट आणि कोटेशन तीन पायऱ्यांचं ही जोडी चांगली चालते, मी हीच करतो. फक्त नमकीनवाल्यांशी काम असेल तर राखीनंतर दिवाळीची गडबड लागते, तेव्हा कोणी डेमोला येत नाही, तारखा मे-जूनमध्येच लावून घ्या.