मशीनवर पॅडल की मधल्या दिवशी तलावपाळी?

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं, म्हणजे किडनीला जमत नाही ते रक्त साफ करण्याचं आणि जादा पाणी काढण्याचं काम मशीनने, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. ‘व्यायाम हवा’ असं सगळ्यांनीच सांगितलं. कधी करायचा, हे मात्र कोणी बोललं नाही. मार्ग दोनच होते: मशीनवर असतानाच पायांनी पॅडल मारायचं, किंवा मधल्या, डायलिसिस नसलेल्या दिवशी चालायला जायचं.

पॅडलचा मोठा फायदा म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. ते चार तास तसेही छताकडे बघण्यातच जातात. शिवाय सिस्टर जवळ असतात आणि बीपीचा पट्टा दंडाला असतोच. पण हे पहिल्या दोन तासांतच उरकायचं. पुढे शरीरातलं पाणी बरंच निघालेलं असतं, बीपी पडतं, पायात गोळे येतात. सुया लावलेला फिस्टुलाचा हात (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला) अजिबात हलवायचा नाही. जांघेत कॅथेटर (रक्त काढण्या-सोडण्याची नळी) असेल तर पॅडलचा विषयच सोडा. अंगात खूप पाणी घेऊन, धापा टाकत आलेल्या दिवशीही नको.

पॅडलने फरक पडतो का? ब्रिटनमधल्या ‘पेडल’ चाचणीत सहा महिने मशीनवर सायकलिंग करूनही रुग्णांच्या जीवनमानात फरक दिसला नाही. बऱ्याच जणांना ठरलेली सत्रं पूर्णही करता आली नाहीत. जर्मनीत मात्र 21 केंद्रांतल्या हजारावर रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. तिथे पॅडलच्या जोडीला ताकदीचे व्यायाम होते. एका मिनिटात खुर्चीतून उठण्या-बसण्याचा आकडा साधारण 16 वरून 19 वर गेला. व्यायाम न करणाऱ्यांचा 15 च्याही खाली आला. मला यातून एवढंच कळलं की नुसतं पॅडल पुरत नाही, मांड्यांना जोर लावायला लावणारं काहीतरी सोबत हवं.

चालण्याला ना यंत्र लागतं ना कोणाची परवानगी, अर्थात डॉक्टर सोडून. इटलीतल्या एका चाचणीत मधल्या दिवशी, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं चालायला सांगितलं होतं. सहा महिन्यांत, सहा मिनिटांत कापलेलं अंतर 328 मीटरवरून 367 वर गेलं. दहा मिनिटं म्हणजे तलावपाळीवर, मासुंदा तलावाच्या काठाने रमतगमत, बोलता येईल इतक्याच वेगाने. दम लागला तर टेकायला कट्टा आहे.

अडचण आहे ती ठाण्याच्या हवेची. मे महिन्यात सकाळी आठलाच घामाच्या धारा लागतात, मग तहान लागते, आणि पाणी तर मोजून प्यायचं असतं. त्यामुळे उन्हाळ्यात सहाच्या आत निघायचं. फेरीनंतर कोणीतरी प्रेमाने नारळपाणी पुढे करतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, तेव्हा हात जोडून नाही म्हणायचं. डायलिसिसला दोन दिवसांची सलग सुट्टी असेल तर दुसऱ्या दिवशी पाणी आणि पोटॅशियम दोन्ही साठलेलं असतं. त्या दिवशी बेताने. डायलिसिसहून परतल्यावर तर झोपच बरी.

तोल जात असेल, बाहेर पडायची भीती वाटत असेल, तर पॅडलच बरं. आमच्या केंद्राने मात्र नाही म्हटलं: पलंगावर पॅडल सरकतं, लक्ष ठेवायला माणूस नाही. मी जरा हुज्जत घातली. नंतर पटलं, की लक्ष ठेवणारंच कोणी नसेल तर या मार्गाचा अर्धा फायदा तिथेच संपतो.

म्हणून बाबा चालतात, आणि घरी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठतात-बसतात. लिफ्ट नाही, दुसरा मजला आहे. खरी परीक्षा जिन्याची. तुम्ही काहीही निवडलंत तरी आधी, कोणीतरी शेजारी उभं असताना, मिनिटभरात किती वेळा उठता येतं ते मोजून कॅलेंडरवर लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना कळवा.