सिंगापूर ते न्यूयॉर्क: थेट विमान की फ्रँकफर्टमार्गे?

सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायला सिंगापूर एअरलाइन्सचीच दोन प्रकारची विमानं आहेत. एक सिंगापूरच्या चांगी विमानतळाहून थेट न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरतं, दुसरं वाटेत फ्रँकफर्टला थांबतं.

अंतरात फारसा फरक नाही. थेट अंतर साधारण १५,३५० किलोमीटर. फ्रँकफर्टपर्यंत सुमारे १०,२५० आणि पुढे ६,२००, म्हणजे जेमतेम अकराशे किलोमीटर जास्त. वेळेत मात्र पाचेक तासांची तफावत पडते: थेट प्रवास साडेअठरा ते एकोणीस तासांचा, तर फ्रँकफर्टमार्गे तेवीस-चोवीस तासांचा.

ती येते कुठून? थोडी जादा अंतरातून, बरीचशी उतरण्या-थांबण्यातून आणि उरलेली वाऱ्यामुळे. दोन्ही शहरांची रेखावृत्तं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, त्यामुळे सर्वांत जवळची रेघ थेट उत्तर ध्रुवाजवळून जाते. पण थेट विमान ती रेघ सोडून, पॅसिफिकवरून पूर्वेकडे वळून जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारा वारा पाठीशी घेऊ शकतं. फ्रँकफर्टहून निघालेल्या विमानाला अटलांटिकवर तोच वारा समोरून झेलावा लागतो.

पण पुष्कळांचा निर्णय वेळेचा विचार करण्याआधी तिकिटाच्या वर्गावरच होतो. थेट मार्गावरच्या एअरबस ए३५०-९००यूएलआरमध्ये फक्त १६१ आसनं आहेत: ६७ बिझनेस, ९४ प्रीमियम इकॉनॉमी. साधी इकॉनॉमी नाहीच! ती हवी असेल तर फ्रँकफर्टची वाट धरावी लागते.

दोन्ही परवडत असतील तर मी थेट विमानच सुचवेन. एकदा झोप लागली की कुणी उठवत नाही, वाटेत सुरक्षा तपासणीची रांग नाही. ए३५०मध्ये केबिनमधला हवेचा दाब सुमारे ६,००० फूट उंचीवर असावा तसा राखला जातो, जुन्या विमानांपेक्षा तो शरीराला सोसवतो. मात्र गुडघे किंवा पाठ दुखत असेल, पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितला असेल, किंवा सोबत लहान मूल असेल, तर बारा-तेरा तासांनी जमिनीवर पाय टेकवता येणं ही मोठी सोय आहे. त्यासाठी पाच तास गेले तरी चालतील.

आणखी एक. उन्हाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत बरोबर बारा तासांचा फरक असतो, हिवाळ्यात तेरा. दिवसरात्र उलटल्याचा थकवा दोन्ही वाटांनी सारखाच येतो, तेव्हा पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाची बैठक ठेवू नका.

फ्रँकफर्टमार्गे जाताना एकाच तिकिटावर बुकिंग करा. सामान थेट न्यूयॉर्कपर्यंत जातं आणि उशीर झाला तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. दोन वेगळी तिकिटं काढून दोन-चार पैसे वाचवले, तर पहिलं विमान लांबल्यावर दुसरं तिकीट वाया जाऊ शकतं. आपल्या पासपोर्टवर जर्मनीचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे मात्र पैसे भरण्याआधी तपासा.