लॅम्बर्ट टूलकिट: युरोपीय कंपनीच्या पैशावर संशोधन करताना कितपत कामाचा?

युरोपातल्या कंपनीने पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेला प्रकल्प देऊ केला, की पाठोपाठ तिच्या वकिलांचा मसुदा येतो. त्यावर सही करण्याआधी ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळावरचा लॅम्बर्ट टूलकिट जरूर उघडावा. तो २००५पासून फुकट मिळतो, २०१६मध्ये सुधारला गेला. त्यात विद्यापीठ आणि कंपनी यांच्यातल्या संशोधन करारांचे क्रमांक दिलेले तयार नमुने आहेत.

त्यांचा क्रमच सगळ्यात उपयोगी. क्रमांक १मध्ये निष्कर्षांची मालकी विद्यापीठाकडे राहते, कंपनीला फक्त वापराचा परवाना. ४मध्ये मालकी कंपनीची, विद्यापीठाला बिगर-व्यापारी वापराची मुभा. ५ म्हणजे निव्वळ कंत्राटी काम, कंपनीच्या परवानगीशिवाय काहीच छापता येत नाही. पीएचडीचा विद्यार्थी प्रकल्पावर असेल तर ५ला हात लावू नका, त्याचा प्रबंध अडकतो.

प्रकाशनाचं कलम तर शब्द न् शब्द वाचावं. शोधनिबंध आधी कंपनीला दाखवायचा. ठरल्या मुदतीत हरकत आली नाही, तर छापायला आपण मोकळे. मुदत वाटाघाटीने ठरते. आमच्या मते दाखवण्यासाठी ३० दिवस आणि पेटंट अर्जासाठी जास्तीत जास्त ३ महिने पुरेत. पण ही थांबण्याची तरतूद काढून टाकू नका. युरोपात पेटंट अर्जाआधी निबंध आला की नावीन्य संपलं, मग पेटंट मिळत नाही. अमेरिकेसारखी वर्षभराची सवलत तिथे नाही. परिषदेतलं पोस्टरसुद्धा प्रकाशनच धरलं जातं!

आपल्यासाठी जसाच्या तसा मात्र हा टूलकिट चालत नाही. कायदा आणि न्यायालय इंग्लंडचं असतं, ते बदला. माहितीच्या कलमात ब्रिटनचा २०००चा माहिती स्वातंत्र्य कायदा असतो, सरकारी संस्थेने तिथे आपला २००५चा माहिती अधिकार कायदा लिहावा. गोपनीयता ताणू नये. झुरिक विद्यापीठाने २०१२मध्ये यूबीएस बँकेकडून १० कोटी फ्रँक घेतले, करार झाकून ठेवला आणि पुढे तो उघड करावाच लागला.

पैशाच्या बाबतीत टूलकिट आपल्या फार उपयोगाचा नाही. करारात 'अनुदान' असा शब्द आला, तर लेखा विभाग एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याचा प्रश्न काढणारच. त्या नोंदणीखालचे परदेशी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. कामाचा मोबदला असेल तर तसं स्पष्ट लिहा, टप्प्यांनुसार हप्ते बांधा. उपकरणांचे तास आणि ओव्हरहेड (वीज वगैरे वरखर्च) वेगळ्या ओळीत दाखवा, नाहीतर वीजबिल संस्थेच्याच माथी बसतं.